खालच्या लीगमधला संघ लांबून फॉलो करणारं कोणी आहे का?

निळा_कोल्हा

नमस्कार मंडळी.

लिव्हरपूल, आर्सेनल, सिटीबद्दल बोलायला माणसं पैशाला पासरी मिळतात. मला बोलायचंय कार्लाइल युनायटेडबद्दल, आणि त्यांचा सामना हजारो किलोमीटरवरून 'बघण्या'बद्दल. बघणं हा शब्द तसा चुकीचाच. बहुतेक शनिवारी मी सामना ऐकतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्लंडच्या वायव्य टोकाला, स्कॉटलंडच्या हद्दीपासून जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटरवर कार्लाइल हे गाव आहे. क्लब १९०४ चा, मैदान ब्रन्टन पार्क, रंग निळा, मॅस्कॉट कोल्हा. १९७४ मध्ये एकदाच, एकाच हंगामापुरता, हा क्लब इंग्लंडच्या सर्वात वरच्या लीगमध्ये पोहोचला. पहिले तिन्ही सामने जिंकून टेबलात सर्वांच्या वर बसला आणि हंगाम संपला तेव्हा सर्वांच्या खाली होता. बिल शँकली लिव्हरपूलचे मॅनेजर होण्याच्या बऱ्याच आधी इथे खेळले आणि पुढे इथेच पहिल्यांदा मॅनेजर झाले. बाकी बराच काळ तिसऱ्या-चौथ्या पायरीवर वर-खाली करण्यात गेला.

माझं नातं जुळलं ते डिसेंबर २०१५ मध्ये. डेस्मंड वादळात तिथल्या नद्या फुगल्या आणि ब्रन्टन पार्क पाण्याखाली गेलं. एका फोटोत गोलची चौकट जवळजवळ पूर्ण बुडालेली, वरचा दांडा तेवढा पाण्याबाहेर. मी त्या फोटोकडे किती वेळ बघत होतो कोण जाणे. पाणी ओसरल्यावर मैदानावर एक सोनमासा जिवंत सापडला, तीही बातमी वाचली. मग कळलं की पुढचे काही 'घरचे' सामने प्रेस्टन, ब्लॅकबर्न आणि ब्लॅकपूलच्या मैदानांवर होणार. म्हणजे ज्यांचं घर स्टेडियमपासून दोन गल्ल्यांवर, त्यांनाही आपला संघ लांबूनच. त्या आठवड्यात मी पहिल्यांदा त्यांचा निकाल शोधला, आणि तेव्हापासून एकही शनिवार चुकवलेला नाही.

तिकडे दुपारी तीनला सामना, म्हणजे आपल्याकडे थंडीत रात्री साडेआठ आणि त्यांची घड्याळं पुढे गेली की साडेसात. मंगळवारचा सामना पावणेआठचा, म्हणजे आपल्याकडे थंडीत मध्यरात्र उलटून सव्वा वाजता. माझी पद्धत ठरलेली आहे. कानात समालोचन, फोन पालथा, स्कोअरची सगळी नोटिफिकेशन बंद. कारण आवाज इंटरनेटवरून येतो तो उशिरा. ॲप त्याच्या आधी धावतं. एकदा फोन थरथरला तेव्हा समालोचक अजून आमच्या बचावपटूने चेंडू शांतपणे मागे दिल्याचं सांगत होता. गोल खाल्लाय हे मला कळून चुकलेलं, त्याच्या बोलण्यात अजून काहीच झालेलं नव्हतं. अर्धा मिनिट तो ज्या पासचं वर्णन करत होता, त्याचा शेवट फक्त मला माहीत होता. पुन्हा तसं होऊ दिलं नाही.

ऐकण्यातली खरी गोष्ट सांगू का? गोल समालोचकाच्या आधी प्रेक्षक सांगतात. त्याचं वाक्य चालू असतं, "उजवीकडून क्रॉस..." आणि त्याच्या मागे आवाज चढायला लागतो. शब्द अजून तिथे पोहोचलेले नसतात. तो चढणारा आवाज आपल्या लोकांचा की पाहुण्यांचा, हे ओळखायला मला दोन हंगाम लागले. परक्या मैदानावर आपला गोल झाला तर आवाज एका कोपऱ्यातून येतो, लहान पण टोकदार, आणि बाकी स्टेडियम एकदम गप्प होतं. ती गप्प झालेली जागासुद्धा ऐकू येते.

२८ मे २०२३, वेम्बली, लीग टूचा, म्हणजे चौथ्या पायरीचा, प्लेऑफ फायनल; जिंकेल त्याला बढती. समोर स्टॉकपोर्ट काउंटी. ८४ व्या मिनिटापर्यंत आम्ही ०-१ मागे. मग ओमारी पॅट्रिकचा गोल, १-१, जादा वेळ, पेनल्टी. तो सामना चित्रासकट बघता आला असता, तरी मी ऐकला. पेनल्टी ऐकताना पावलं मोजता येत नाहीत, गोलरक्षक कुठे झुकतोय ते दिसत नाही. नाव येतं, मग थोडी शांतता, मग आवाज. टेलर चार्टर्सचं नाव आलं, शांतता आली, आणि पुढे समालोचक काय म्हणाला ते मला एका शब्दाने आठवत नाही. ५-४. मी भिंतीला हात लावून उभा होतो.

त्यानंतर २०२४ मध्ये लीग वनमधून, म्हणजे तिसऱ्या पायरीवरून, खाली, २०२५ मध्ये लीग टूमधून खाली. असे आम्ही पाचव्या पायरीवर, नॅशनल लीगमध्ये येऊन पडलो. लागोपाठ दोन वर्षं खाली जाणं लांबून सोसतानाही तेवढंच लागतं.

तुम्ही कोणाला फॉलो करता? कसं करता? ऐकता, वाचता, की बघता?

थ्रो_इन

वा, अगदी मनातलं लिहिलंत. मी एक्सेटर सिटीवाला. २००३ पासून हा क्लब समर्थकांच्या ट्रस्टच्या मालकीचा आहे, त्यासाठीच पहिल्यांदा आवडला.

पण मी बघणाऱ्यांतला. एक गंमत तुम्ही लिहिली नाहीत म्हणून लिहितो. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात थेट सामने दाखवायला बंदी आहे. साठच्या दशकात बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी आग्रह धरला की टीव्हीवर मोठा सामना दिसला तर लोक छोट्या क्लबांच्या स्टँडमध्ये येणारच नाहीत. तो नियम आजही पाळतात. बंदी फक्त त्यांच्या देशापुरती. त्यामुळे २०१७ मध्ये लीगची आयफॉलो सेवा आली तेव्हा परदेशातल्या माणसाला पास घेऊन शनिवारचा तीनचा सामना बघता यायचा, आणि एक्सेटरमध्ये घरात आजारी पडलेल्या म्हाताऱ्याला तोच सामना फक्त ऐकावा लागायचा.

मला तो नियम योग्य वाटतो, हेही सांगतो. त्याच्यामुळेच ती छोटी स्टेडियमं अजून भरतात. आपल्याला आयतं मिळतंय ते त्यांच्या तिकिटांवर उभं आहे.

आणि एक कॅमेरा असला तरी चित्र ते चित्र. चौथ्या पायरीवरच्या प्रक्षेपणात बऱ्याचदा एकच कॅमेरा, मुख्य स्टँडच्या छपराखाली. पाऊस तिरका आला की काचेवर थेंब बसतात आणि उजवा विंगर कितीतरी वेळ नुसता धूसर डाग असतो. तरी तो धावतोय कसा, दमलाय का, हे दिसतं. समालोचक ते सांगेलच असं नाही.

कानसेन

निळा कोल्हा, तुमचं "गोल समालोचकाच्या आधी प्रेक्षक सांगतात" हे वाक्य वाचून थांबलो. अगदी खरं.

मी शॉर्टवेव्हच्या काळातला. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसवर शनिवारी निकाल वाचले जायचे. वरच्या लीगपासून सुरू करून खाली, मग स्कॉटलंड. नावं ऐकून ऐकूनच मी इंग्लंडचा नकाशा शिकलो. रॉचडेल, हार्टलपूल, टॉर्की, डार्लिंग्टन. सिग्नल खाली गेला की नेमका आपल्याच संघाचा आकडा समुद्रात बुडायचा आणि पुढच्या बातम्यांपर्यंत थांबावं लागायचं.

निकाल वाचण्याची ती एक कलाच होती. जेम्स अलेक्झांडर गॉर्डन यांनी बीबीसी रेडिओवर १९७४ पासून २०१३ पर्यंत निकाल वाचले. पहिल्या संघाचं नाव आणि आकडा ऐकला, मग दुसऱ्या संघाचं नाव त्यांनी ज्या सुरात घेतलं त्यावरूनच निकाल कळायचा. सूर चढला तर पाहुणे जिंकले, उतरला तर हरले, सपाट राहिला तर बरोबरी. आकडा यायच्या आधी सगळं ठरलेलं असायचं. हरलेल्या संघाचं नाव ते ज्या मायेने खाली आणत, ते ऐकताना वाटायचं की यांना आपलं दुःख ठाऊक आहे.

आता तुमच्या क्लबची गोष्ट, जी तुम्ही नम्रपणे गाळलीत.

८ मे १९९९. हंगामाचा शेवटचा दिवस. तेव्हा चौथ्या पायरीवरून एकच क्लब लीगबाहेर जायचा. कार्लाइलची गाठ प्लिमथशी, स्कारबरोची पीटरबरोशी. कार्लाइलला स्कारबरोपेक्षा सरस निकाल हवा होता. स्कारबरोचा सामना १-१ असा आधी संपला. इकडे ब्रन्टन पार्कवरही १-१. असंच राहिलं तर कार्लाइल बाहेर. स्कारबरोचे लोक मैदानात उतरले, आणि कानाला रेडिओ लावून उभे राहिले. वाचलो असं धरून काहींचा जल्लोषही सुरू झालेला.

भरपाई वेळ चार मिनिटं, त्यातली काही सेकंद उरलेली. कार्लाइलला कॉर्नर. गोलरक्षक जिमी ग्लास पुढे धावत आला. तो स्विंडनकडून उसना घेतलेला, क्लबसाठी त्याचा हा तिसराच सामना. हेडर प्लिमथच्या गोलरक्षकाने परतवला, चेंडू ग्लाससमोर पडला आणि त्याने उजव्या पायाने तो जाळ्यात मारला. २-१. कार्लाइल वाचलं, स्कारबरो लीगबाहेर. ग्लास त्यानंतर कार्लाइलकडून कधीच खेळला नाही.

सगळे त्या गोलचं चित्र बघतात. मी मात्र नेहमी त्या दुसऱ्या मैदानाचा विचार करतो. तिथे कोणालाही काहीही दिसलेलं नव्हतं. हातातल्या रेडिओतून एक वाक्य आलं आणि ते सगळे उभे होते तिथेच राहिले. १९८७ मध्ये पाचव्या पायरीवरून थेट लीगमध्ये बढती मिळालेला पहिला क्लब हाच स्कारबरो. २००७ मध्ये तो कर्जापायी बंदच पडला. लांबून सामना फॉलो करणं काय असतं हे मला त्या लोकांइतकं कोणाबद्दल जाणवत नाही, आणि ते तर आपल्याच मैदानात उभे होते.

निळा_कोल्हा

कानसेन, नम्रता नाही हो. तो गोल मी तेव्हा ना पाहिलेला, ना ऐकलेला, नुसता नंतर वाचलेला. तुम्ही लिहिलंत तितकं मला लिहिता आलं नसतं. स्कारबरोच्या बाजूने मी कधी विचारच केला नव्हता.

काचेचा_डबा

काही वर्षं तिकडे राहिलो, म्हणून सीफॅक्सबद्दल लिहितो. बीबीसीची टीव्हीवरची अक्षरांची सेवा, १९७४ ते २०१२. काळा पडदा, रंगीत ठोकळ्यांची अक्षरं. स्कोअरची यादी एका पानात मावायची नाही, म्हणून तीन-चार उपपानं आपोआप फिरत राहायची. तुमचा संघ तिसऱ्या पानावर. तिसरं पान यायचं, ०-०. मग पहिलं, दुसरं, आणि परत तिसरं यायची वाट. मध्ये चहा करायला उठलात तर पान निघून जायचं. माझा शेजारी पडद्यासमोर उभा राहून बघायचा, बसायचा नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, मैदानातही मी उभाच असतो.

सीमारेषा

सगळं वाचलं. मनापासून लिहिताय हे दिसतंय, म्हणून मनातलं विचारतो, राग मानू नका.

खालच्या लीगचा क्लब म्हणजे त्या गावाची माणसं. कार्लाइलचे लोक प्लिमथला जातात तेव्हा एका बाजूचे सव्वासहाशे किलोमीटर बसतात. पावसात भिजतात, हरतात, रात्री दोनला घरी येतात. तुम्ही खोलीत बसून कानात समालोचन ऐकता. मग "आम्ही खाली गेलो", "आम्ही वाचलो" हे "आम्ही" तुमचं कसं? मोठ्या क्लबचं ठीक आहे, ते जगभर विकण्यासाठीच आहेत. पण छोट्या क्लबवर लांबून प्रेम करणं म्हणजे दुसऱ्याच्या घरातलं दुःख उसनं घेणं नाही का?

निळा_कोल्हा

राग कसला, हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारलाय.

प्लिमथला जाणारा माणूस आणि मी एका ओळीत बसत नाही. मी कधीच तसा दावा करणार नाही. "आम्ही" लिहिताना माझा हात थोडा अडखळतोच.

तरी एक सांगतो. मोठ्या क्लबचा निकाल न विचारता येऊन आदळतो. कार्लाइलचा निकाल मला शोधावा लागतो. कोणता खेळाडू जखमी आहे, नवा लेफ्टबॅक कुठून उसना आणलाय, हे कळायला त्यांचं स्थानिक वर्तमानपत्र वाचावं लागतं. त्या वर्तमानपत्रात फुटबॉलच्या शेजारी पुराच्या भिंतीची बातमी असते, बंद झालेल्या बस मार्गाची असते. दहा वर्षांत मी त्या गावाबद्दल जे शिकलो ते सामन्यांच्या बाजूबाजूने शिकलो. पॉल सिम्पसन २०२२ मध्ये मॅनेजर म्हणून परत आले तेव्हा मला इतका आनंद का झाला? ते त्याच गावात जन्मलेले, तिथे खेळलेले, आधी एकदा क्लबला लीगमध्ये परत आणलेले. हे सगळं माहीत असल्याशिवाय वेम्बलीवर त्यांच्या चेहऱ्याचा अर्थ लागत नाही.

दुःख उसनं असेल. लक्ष मात्र माझं स्वतःचं दिलेलं आहे, ते कोणाकडून उसनं घेतलेलं नाही.

नववा_स्तर

सीमारेषा, तुमच्या प्रश्नावर माझा अनुभव लिहितो.

मी बरी एफसी फॉलो करायचो. १८८५ चा क्लब, १९०० आणि १९०३ चा एफए कप जिंकलेला, १९०३ ला तर फायनलमध्ये डर्बीला ६-० ने हरवून. २०१९ च्या एप्रिल अखेरीस बढती मिळवली. ऑगस्टमध्ये नवा हंगाम सुरू झाला आणि पैशांच्या घोळामुळे त्यांचे सामने एकामागून एक रद्द होत गेले. प्रत्येक शनिवारी मी ॲप उघडायचो. बाकी सगळ्यांसमोर आकडे हलायचे, आमच्या ओळीत "पुढे ढकलला". पुढच्या शनिवारी परत तेच. २७ ऑगस्ट २०१९ ला लीगने क्लबला काढून टाकलं. त्यानंतरच्या शनिवारी ॲपमध्ये ती ओळच नव्हती. वरच्या क्लबचं नाव होतं, खालच्या क्लबचं नाव होतं, मधली फट मिटून गेलेली. मी तरी तीन वाजता, त्यांच्या तीन वाजता, पडदा उघडून बसलो होतो.

त्यांच्या गावात जे गेलं त्याची बरोबरी मी करत नाही. त्यांच्या मैदानाचं, गिग लेनचं, फाटक बंद झालं तेव्हा माझं काही बंद झालं नाही. पण त्या दिवशी मला पत्ता लागला की माझा शनिवार कशाला बांधलेला होता.

पुढे समर्थकांनी मैदान परत मिळवलं आणि २०२३ मध्ये बरी एफसी हे नाव पुन्हा खेळायला उतरलं, नवव्या पायरीवर. तिथे डेटा कंपन्यांची माणसं नसतात, धावतं वर्णन कोणी ना कोणी हौशी माणूस मैदानाच्या कडेला उभा राहून लिहितो. "२३' कॉर्नर. वाया." एवढंच. मग बारा मिनिटं काही नाही. त्या बारा मिनिटांत बोटं गारठली असतील, फोनची बॅटरी उतरली असेल, नाहीतर तो स्वतःच खेळात गुंतला असेल. मी थांबतो. त्या माणसाचा मी ऋणी आहे. माझा अख्खा सामना त्याच्या दोन डोळ्यांवर चालतो.

सीमारेषा

"मधली फट मिटून गेलेली" वाचून बोलती बंद झाली. माझा प्रश्न मागे घेत नाही, पण उत्तर मिळालं.

थ्रो_इन

ॲपच्या विषयात थोडी भर. ते "ॲटॅक", "डेंजरस ॲटॅक" असं हिरव्या पट्ट्यावर जे पळतं ना, त्यामागेही बऱ्याचदा स्टेडियममध्ये बसलेला एक माणूसच असतो, फोनवर बटणं दाबणारा. त्याने "डेंजरस ॲटॅक" दाबलं आणि नंतर बराच वेळ काहीच बदललं नाही, की माझा जीव टांगणीला लागतो. गोल झालाय आणि नोंद व्हायची आहे, की बचावपटूने चेंडू बाहेर मारलाय? म्हणून नुसत्या ॲपवर सामना काढू नका असं मी नव्या माणसाला सांगेन. त्यात खेळ उरत नाही, फक्त धाकधूक उरते.

पहिलाच_शनिवार

तुमच्यामुळे मलाही एखादा संघ धरावासा वाटतोय. सुरुवात कशी करू? संघ निवडायचा कसा?

निळा_कोल्हा

स्वागत! संघ निवडायला घाई करू नका. टेबल बघून तर मुळीच निवडू नका. एखादं नाव, एखादा फोटो, एखादी बातमी मनात अडकेल, तिथून धरा.

मग त्या क्लबच्या साइटवर ऑडिओ पास आहे का बघा. नॅशनल लीगचे सामने २०२४ पासून डाझोन (DAZN) या स्ट्रीमिंग सेवेवर चित्रासकट असतात, चौथ्या पायरीवरच्या क्लबांचे परदेशासाठी वेगळे पास असतात. क्लब २०२३ मधल्या बरीसारखा आणखी खालचा असेल तर क्लबच्या सोशल मीडिया पानावर धावतं वर्णन मिळेल. त्यांचं स्थानिक वर्तमानपत्र रोज पाच मिनिटं चाळा. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं बदलतात, तेवढं ध्यानात ठेवा. मी पहिल्या वर्षी तासभर आधी कान लावून बसलो होतो आणि मैदानात गवत कापण्याचाही आवाज नव्हता.

पहिले चार-पाच सामने नावं कळणार नाहीत, सगळे आवाज एकसारखे वाटतील. ऐकत राहा. एक दिवस समालोचक नाव घेईल आणि तो खेळाडू डाव्या पायाचा आहे हे तुम्हाला आधीच माहीत असेल.

पहिलाच_शनिवार

फोटो अडकलाय खरं तर. तुम्ही लिहिलेला तो बुडालेल्या गोलचा. शोधून बघितला. येत्या शनिवारी साडेसातला ना?

निळा_कोल्हा

साडेसातला. सव्वासातलाच कान लावा, संघाची यादी वाचतात तेव्हापासून. आणि फोन पालथा.